फुल बॉडी चेकअप: ८० चाचण्यांपैकी तुमच्या वयाला लागतात किती?

वाढदिवस जवळ आला की शुभेच्छांच्या आधी लॅबचा मेसेज येतो. ‘फुल बॉडी चेकअप, ८० हून जास्त चाचण्या, घरी येऊन सॅम्पल नेऊ, आजच बुक केल्यास निम्म्या दरात.’ फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तो पुढे ढकलतं, खाली अंगठे पडतात आणि रविवारी सकाळी अख्खं घर चहाविना ताटकळत बसतं. संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस पानांची पीडीएफ हजर. तिच्यातले ठळक अक्षरांतले आकडे घेऊन आधी गूगल, मग शेजारचे काका आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर, अशी वरात निघते.

याच घरांच्या दारात कधीतरी आशाताईही येतात. हातात एक फॉर्म आणि कमरेचं माप घ्यायला टेप. ‘आमचं सगळं लॅबमधून झालंय’ म्हणून त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं जातं. इथेच घोटाळा होतो. ज्यांनी जीव वाचतात हे मोठ्या अभ्यासांतून दिसलंय, अशा तपासण्या मोजक्या आहेत. बहुतेक स्वस्त आहेत. आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या पीडीएफमध्ये नसतातच, कारण त्या रक्तातून होत नाहीत.

त्रास नसताना केलेली तपासणी

छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढला, तर ती निदानासाठीची तपासणी. काहीही होत नसताना, ठरावीक वयाच्या माणसांची ठरावीक आजारासाठी केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. हा फरक लक्षात ठेवावा, कारण लक्षण दिसलं की स्क्रीनिंगचे नियम संपतात. स्तनात गाठ लागली, शौचातून रक्त गेलं, तोंडातला चट्टा दोन-तीन आठवडे भरत नाही, वजन विनाकारण उतरतंय, तर पॅकेजची वाट पाहायची नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं. गेल्या महिन्यातला ‘नॉर्मल’ रिपोर्ट तेव्हा उपयोगाचा नाही.

कोणत्या आजारासाठी स्क्रीनिंग करावं, याच्या कसोट्या जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केल्या. विल्सन आणि युंगनर या दोघांनी त्या लिहिल्या आणि आजही त्यांचाच आधार घेतला जातो. आजार गंभीर हवा. लक्षणं दिसण्याआधी तो शरीरात बराच काळ लपून राहत असावा. त्या काळात तो पकडणारी, लोकांना झेपेल अशी चाचणी हवी. पकडल्यावर उपयोगी पडणारा उपचार हवा, आणि सापडलेल्या माणसाला त्या उपचारापर्यंत नेण्याची सोयही हवी. रक्तदाब या सगळ्या कसोट्यांना उतरतो. धडधाकट माणसाची दर वर्षी व्हिटॅमिन डीची चाचणी उतरत नाही. पॅकेजमध्ये मात्र ती हमखास असते.

‘जास्त चाचण्या केल्या तर बिघडलं कुठे?’

थोडं गणित करू. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांचे आकडे पाहून ठरवतात, तीही अशी की १०० पैकी ९५ निरोगी माणसं तिच्या आत बसावीत. उरलेली पाच निरोगीच असतात, पण रिपोर्टात त्यांच्या आकड्यापुढे खूण येते. अशा २० चाचण्या एकत्र केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर ठणठणीत माणसाच्याही रिपोर्टात किमान एक खूण येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. ८० चाचण्यांत काय होईल ते तुम्हीच बघा.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं. समजा एक आजार हजारात एकालाच असतो आणि त्याची चाचणी ९५ टक्के अचूक आहे. ऐकायला छान वाटतं. हजार जणांची चाचणी केली की तो एक रुग्ण बहुधा सापडेल. पण उरलेल्या ९९९ निरोगी लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे पन्नासेक जण, चुकून पॉझिटिव्ह येतील. याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. एकूण ५१ जणांची झोप उडाली, खरा आजारी त्यांत एक. बाकीच्यांच्या वाट्याला सीटी स्कॅन, कधी सुई घालून तुकडा काढणं आणि भरपूर खर्च.

म्हणून पॅकेजमधल्या ‘कॅन्सर मार्कर’ या ओळीपासून सावध राहा. सीए-१२५ हा त्यातला प्रसिद्ध मार्कर. पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस अशा कारणांनीही तो वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरून अंडाशयाच्या कॅन्सरसाठी स्क्रीनिंगचा मोठा अभ्यास झाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: त्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. कॅन्सर झालेल्या रुग्णाला उपचार लागू पडतायत का, हे बघायला हाच मार्कर कामाचा आहे. निरोगी माणसात तो शोधत बसू नये.

‘पण लवकर कळलेलं बरं ना?’

नेहमीच नाही. रात्रीच्या गाडीने दोघं निघालेत आणि सकाळी सहाला दोघंही दादरला उतरणार आहेत. एकाला पुण्यालाच जाग आली, दुसऱ्याला कल्याण गेल्यावर. पहिला म्हणेल, माझा प्रवास किती लांबला! पण दादर दोघांनाही सहालाच आलं. लवकर सापडल्यामुळे आजाराची वाट बदलत नसेल, तर आयुष्य वाढत नाही, पेशंट म्हणून जगलेली वर्षं तेवढी वाढतात. ‘निदानानंतर इतकी वर्षं जगले’ हा आकडा त्यामुळे फसवतो. स्क्रीनिंगचा खरा निकाल एकच: त्या आजाराने होणारे मृत्यू किंवा हाल कमी झाले का?

दक्षिण कोरियाने याची मोठी किंमत मोजली. तिथे १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी तिच्यात नव्हती, पण हॉस्पिटलं थोड्या जादा पैशांत ती जोडून देऊ लागली. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण सुमारे पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेल्यांतले बहुतेक कॅन्सर कधीच त्रास देणार नव्हते. पण सापडल्यावर गप्प कोण बसतो? हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, आयुष्यभराच्या गोळ्या मागे लागल्या, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनीच जाहीर सावध केल्यावर शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या. ‘थोडेच पैसे जास्त पडतात, करून टाका’ असं काउंटरवर कुणी म्हणालं की मला कोरिया आठवतो.

सरसकट ‘जनरल चेकअप’चा हिशेबही झालाय. अशा १७ अभ्यासांतल्या सुमारे अडीच लाख लोकांची आकडेवारी २०१९ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा एकूण मृत्यूंवर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. नेमक्या वयात, नेमक्या आजारासाठी केलेल्या तपासणीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

विशी ते तिशी: थोडंच, पण टाळू नये असं

या वयात यादी छोटी असते. दोन-तीन वर्षांतून एकदा रक्तदाब. एकदा कोलेस्टेरॉल, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर नक्कीच. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागातल्या किंवा तिथून आलेल्या कुटुंबांत सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराची, तपासणी लग्नाआधी झालेली बरी. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचं जनुक अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे.

‘मी तर सडपातळ आहे’ हा या वयातला आवडता बचाव. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याला एका फोटोनेच उत्तर दिलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात बसते. म्हणून वजनकाट्याइतकंच टेपवरही लक्ष हवं. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या वर गेली की मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका वाढू लागतो. पँटचा नंबर यासाठी चालत नाही. ती आपण पोटाखाली बांधतो.

तिशी ओलांडली की: आशाताईंचा फॉर्म

सरकारी कार्यक्रमात तिशीपासून पाच आजारांसाठी तपासणी आहे: रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आशाताईंच्या हातातला ‘सीबॅक’ फॉर्म हा तिचा पहिला टप्पा. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला आजार यांना गुण आहेत. बावन्न वर्षांचा माणूस असेल तर वयाचे तीन. रोज तंबाखू, दोन. कंबर ९४, एक. झाले सहा. चारच्या वर गेलं की त्याला तपासणीसाठी आधी बोलवायचं. इतका साधा हिशेब. त्याच फॉर्मात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, तोंड उघडायला त्रास, स्तनात गाठ असे प्रश्नही असतात. कुठल्याही पीडीएफमध्ये हे विचारत नाहीत.

रक्तदाब दर वर्षी मोजावा, पण नीट मोजावा. जिना चढून आल्या आल्या, चहा पिऊन, गप्पा मारत मोजलेला आकडा फुकट. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर, लघवी तुंबलेली नको, तोंड बंद. दोनदा मोजायचं. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर उपचाराचं बोलणं. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, हा तर्क कित्येकांना अर्धांगवायूपर्यंत घेऊन गेलाय.

साखरेचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि त्यांच्याहून जास्त लोक उंबरठ्यावर, म्हणजे प्री-डायबेटिसमध्ये. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून मधुमेह, तोही दुसऱ्यांदा तपासून. अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा दिशाभूल करू शकतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावं. एकदा निदान झालं की स्क्रीनिंगची यादी बदलते: दर वर्षी डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय. पायमोजे काढून पाय दाखवायला लोक लाजतात. तिथेच जखमा वाढतात.

तोंडाच्या तपासणीला बॅटरी आणि दोन मिनिटं पुरतात. पांढरे किंवा लाल चट्टे, न भरणारा व्रण, तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड उघडतं का, एवढंच बघायचं. केरळमध्ये तिरुअनंतपुरम जिल्ह्यात हजारो लोकांच्या तोंडांची अशी तपासणी करून अभ्यास झाला. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि टपरीवर पुड्याही मिळतात. शिवाय ‘मी तंबाखू खात नाही हो, फक्त मिश्री लावते’ म्हणणाऱ्या मावश्या आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तपासणीत त्यांचा नंबर पहिला हवा.

गर्भाशयमुख: जगाला दिशा देणारा मराठवाड्यातला अभ्यास

हा कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या संसर्गामुळे होतो. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण दहा ते वीस वर्षं जातात. पकडायला एवढा लांब अवधी फार थोडे कॅन्सर देतात.

आताचा धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय संस्थेसोबत इथल्या गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना चार गटांत विभागलं. एका गटाची एचपीव्ही चाचणी केली, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं, तिसऱ्याची गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून पाहणी, चौथ्याला नेहमीचीच सेवा. आयुष्यात फक्त एकदा. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. गटांचे आकार जवळपास सारखेच. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि एचपीव्ही चाचणीचं महत्त्व जगाला पटवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी हीच चाचणी सुचवते.

व्हिनेगरची पाहणी मात्र त्या अभ्यासात एकदाच केल्याने मृत्यू लक्षणीय कमी करू शकली नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने तीच पाहणी दर दोन वर्षांनी, काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून करवली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्वस्त चाचणी पुन्हा पुन्हा, किंवा महाग चाचणी क्वचित. सरकारी केंद्रात अजून मुख्यतः व्हिनेगरचीच पाहणी होते. शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पॅप किंवा एचपीव्ही. जे मिळेल ते घ्या, ‘अजून चांगली चाचणी आली की करू’ म्हणून थांबू नका.

‘तसं काही नाही मला, मग तिथे कशाला तपासायचं?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, बहुतेकदा सासूबाईंच्या तोंडून आणि सुनेसाठी. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, पण हा संसर्ग इतका सर्रास आहे की त्याचा चारित्र्याशी संबंध जोडणं निरर्थक आहे. एचपीव्हीचा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, डॉक्टरांसमोर झोपायलाही लागत नाही. मुलींना लस देऊन घ्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२२ मध्ये मंजूर झालीय. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही.

चाळिशी, पन्नाशी: जिथे डॉक्टरांचंही एकमत नाही

स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेतला सल्ला २०२४ पासून असा: चाळीस ते चौऱ्याहत्तर, दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी. आपल्याकडे सगळ्यांसाठी ते शक्य नाही. मग हाताने तपासून भागेल का? मुंबईत दीड लाख स्त्रियांवर, वीस वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निकाल २०२१ मध्ये आला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही. आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर हा हिशेब लागू नाही, लवकर आणि वेगळा सल्ला घ्यावा.

पुरुषांसाठी पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणी पॅकेजमध्ये गुपचूप घातलेली असते. पंचावन्न ते एकोणसत्तर या वयात फायदा-तोटा समजून घेऊन ती करावी की नाही ते ठरवावं, सत्तरीनंतर करू नये, असा अमेरिकी तज्ज्ञांचा सल्ला राहिलाय. कारण प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर संथ असतात आणि उपचारांनी लघवीवरचा ताबा सुटणं, लैंगिक अडचणी असे त्रास होऊ शकतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी पाश्चात्त्य देशांत पंचेचाळीस-पन्नाशीपासून सगळ्यांची तपासणी होते. आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी, म्हणून घरात कुणाला झाला असेल तरच मुद्दाम विचारावं.

साठीनंतर, आणि कधी थांबायचं

या वयात कॅन्सरइतकंच लक्ष डोळ्यांकडे, कानांकडे आणि पडण्याकडे द्यावं. मोतीबिंदू आणि काचबिंदू, ऐकू कमी येणं, गेल्या वर्षात कितीदा तोल गेला, घेत असलेल्या गोळ्यांपैकी कुठली चक्कर आणते. पासष्टीपुढच्या स्त्रियांत हाडांची घनता मोजणं फायद्याचं, कारण खुब्याचं हाड मोडलं की घर अंथरुणाला खिळतं.

आणि एक वय असं येतं की स्क्रीनिंग बंद करायचं. आधीच्या तपासण्या नीट असतील तर गर्भाशयमुखाची पासष्टीला थांबते. ऐंशीच्या आजोबांना आठवड्याला दोनदा डायलिसिस असेल तर त्यांची पीएसए कशासाठी? मुलांना हे क्रूर वाटतं. आजोबांना बहुधा वाटत नाही.

‘माझं पॅकेज आधीच झालंय, आता?’

मग ती पीडीएफ उघडा. साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), हिमोग्लोबिन या ओळी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. जेमतेम रेषेबाहेरच्या बाकी खुणांसाठी पुन्हा लॅबला पळू नका, आधी डॉक्टरांना विचारा. प्राप्तिकरात प्रतिबंधात्मक तपासणीवर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि विम्याच्या एकूण मर्यादेतच. मार्चमध्ये पॅकेजच्या जाहिराती का वाढतात ते यातून कळतं.

मग पीडीएफमध्ये जे नाही ते करून घ्या: रक्तदाब, कंबर, तोंड, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुख. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, यातलं बरंचसं मोफत होतं. जिथे कराल तिथे आधीच विचारा: पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी कुठे, कोण पाठवणार, किती दिवसांत? उत्तर धड मिळालं नाही तर दुसरं केंद्र बघा. पुढचा रस्ता ठरलेला नसेल तर पॉझिटिव्ह रिपोर्ट कपाटात पडून राहतो.